शेवटची आच

एकोणीसशे त्र्याण्णव साल. मी तेव्हा पन्नास वर्षांचा होतो आणि डॉक्टरबाई साठीला दोन कमी. वय आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ज्याला त्याला वयाचंच कारण सापडलं आणि त्या कारणामागे मी लपलो.

डॉक्टरबाई म्हणजे उमाबाई गुंजोटीकर. हैदराबादेत, बरकतपुऱ्यात राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांचा दातांचा दवाखाना होता. घराणं जुनं, वकिलांचं. घरात मराठी, दारात उर्दू, बाजारात तेलुगू. मी लिंबाजी. नांदेडकडचा, चौथी पास. काचीगुड्याला स्टेशनच्या मागच्या बाजूला एका खोलीत दात बनवायचो. डॉक्टर लोक रोग्याच्या तोंडाचा साचा पाठवतात. आम्ही त्यावरून चिनी मातीची कॅप घडवतो, भट्टीत भाजतो, झिलई देतो आणि डबीत घालून परत करतो. रोग्याला वाटतं, दात डॉक्टरनेच केला. वाटू द्यावं. सगळ्याच दवाखान्यांत मी लॅबवाला. मागच्या दाराने यायचं, डबी ठेवायची, निघायचं.

डॉक्टरबाई मला लिंबाजीराव म्हणायच्या. तेही रोग्यासमोर. "हे लिंबाजीराव. तुमचा दात यांनी केलाय. हसून दाखवा त्यांना." मग तो माणूस, कोणी रेल्वेतला बाबू असो की कोणी बेगमसाहेब, माझ्याकडे बघून दात दाखवायचा आणि मी कामगारासारखा मान खाली न घालता नीट बघून घ्यायचो. चहा यायचा तो त्यांच्या कपासारख्याच कपात. माझ्या आईच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे, ते मी लहानपणी पाहिलेलं आहे. म्हणून कप लक्षात राहिला. बाईंच्या लक्षातही आलं नसेल की यात लक्षात ठेवण्यासारखं काही आहे.

बुटक्या होत्या. खुर्चीवरच्या रोग्यापर्यंत पोचायला पायाखाली लाकडी पाट घ्यायच्या. रोगी बदलला की पाट पायानेच इकडून तिकडे सरकवायच्या, हात लावायच्या नाहीत. हात फक्त तोंडासाठी. दवाखान्याच्या वेळात त्या पैशालाही शिवत नसत. भिंतीला एक पत्र्याची पेटी होती, ज्याने त्याने तिच्यात टाकावं. कोणी नोट पुढे केली तर त्या दोन्ही हात वर करून उभ्या राहायच्या, पोलिसाने पकडल्यासारख्या.

त्यांचं खरं काम तारांचं. वाकडे दात सरळ करायचे म्हणजे आधी प्रत्येक दातावर धातूचं बारीक ब्रॅकेट चिकटवायचं, तुरीच्या अर्ध्या डाळीएवढं, आणि मग त्यांतून तार ओवायची. ब्रॅकेट डिंकाने चिकटतं आणि डिंक धरेपर्यंत बोट हलता कामा नये. बाई ब्रॅकेट दातावर टेकवायच्या आणि मोठ्याने साठ मोजायच्या. रोग्याची जी भाषा, तीत. मराठी पोराला एक, दोन, तीन. तेलुगू पोरीला ओकटी, रेंडू, मूडू. मुसलमान घरातलं पोर असलं की उर्दूत, शेवटचे आकडे लखनवी थाटात लांबवत. एका पोराने ऐटीत सांगितलं, "मला इंग्लिशमध्ये मोजा, मी कॉन्व्हेंटला जातो." बाई म्हणाल्या, "इंग्रजीत साठ लवकर संपतात बाळ. डिंकाला चालत नाही ते."

कोणी मध्येच चुळबुळ केली की म्हणायच्या, "एक मिनिट म्हणजे एक मिनिट. काचीगुडा स्टेशनवरचं नव्हे." आणि मी कधी काम लवकर उरकून आणलं की डबी न उघडताच म्हणायच्या, "घाई करायची असेल तर भजी तळावीत, लिंबाजीराव."

आमचं भांडणही व्हायचं. एका वकीलसाहेबांचा पुढचा दात करायचा होता. बाईंनी रंग लिहून पाठवला, पांढरा. मी दात केला तो कडेला जरा तांबूस, मुळाशी रेघ असलेला. बाईंनी परत पाठवला. मी तोच पुन्हा पाठवला. दुसऱ्यांदा परत आला तेव्हा मी स्वतः गेलो आणि म्हणालो, "बाई, वकीलसाहेब तीस वर्षं पान खातात. त्यांच्या तोंडात पांढरा दात म्हणजे मशिदीत बँडबाजा." बाईंनी तोच दात बसवला आणि वकीलसाहेबांच्या बायकोला बोलावून विचारलं, "यातला खोटा कोणता, ओळखा." तिने भलत्याच दाताला बोट लावलं. बाई खुर्चीजवळून मला म्हणाल्या, "तुमची नजर माझ्याहून चांगली आहे. मी यापुढे रंग लिहिणार नाही." आणि खरंच, पुढे कधीच लिहिला नाही. रंगाच्या जागी नुसतं लिहायच्या, "लिंबाजीरावांनी बघावं."

माणसाला असं कोणी मानलं की तो चढतो. मी चढलो. माझ्यासारखी झिलई हैदराबादेत कोणाची नव्हती, हे मी आजही सांगतो. पण बाईंनी ते म्हटल्यापासून माझी चूक होऊच शकत नाही, असं मी धरून चाललो. बिघडलेला दात मी हातोडीने फोडून टाकायचो. तुकडासुद्धा कोणाला दिसू द्यायचो नाही.

आणि बाईंना नेमके तेच हवे असायचे. "तुमच्या चुका मला द्या, लिंबाजीराव," म्हणायच्या. "चांगलं काम तर तुम्ही देताच. चुका द्या." नव्या डिंकाची परीक्षा घ्यायला त्यांना चिनी मातीचे दात लागायचे. खरे उपटलेले दात त्यांच्याकडे बरणीभर होते. माझ्या चुका मात्र त्यांना कधी मिळाल्या नाहीत. मी म्हणायचो, "चुकाच नाहीत, बाई." त्या हसायच्या.

तेव्हा परदेशी मालाचा बाजार नुकताच मोकळा झाला होता. त्याआधी असला डिंक बाईंचा भाचा अमेरिकेहून यायचा तेव्हा कपड्यांच्या घड्यांत घालून आणायचा. त्या दोन बाटल्या बाई फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे ठेवायच्या आणि थेंब थेंब वापरायच्या. आता कोटी भागातल्या दुकानांत डब्यांची रांग लागली. टाय लावलेली पोरं नमुने घेऊन दारात उभी राहू लागली. पोरगा डब्यावरचं लांबलचक नाव म्हणून दाखवायचा. बाईंना सगळाच डिंक. जर्मन डिंक, अमेरिकी डिंक, जपानी डिंक. सगळं ऐकून घेऊन त्या एकच विचारायच्या, "ते झालं. पण धरतो का?"

त्यातलाच एक डबा खास होता. खऱ्या दातावर डिंक धरतो, चिनी मातीवर धरत नाही. म्हणून कॅप घातलेल्या दाताला तारा लावायच्या तर त्या दाताभोवती धातूचा आख्खा पट्टा घालावा लागायचा आणि पुढच्या दाताला पट्टा म्हटलं की पोरी रडायच्या. या नव्या डब्यात डिंकाबरोबर एक छोटी बाटली होती, पाण्यासारखी. बाईंनी तिचं नाव ठेवलं मध्यस्थ. "हा एक हात चिनी मातीला धरतो आणि दुसरा डिंकाला," त्यांनी मला समजावलं. "पण धरायला मातीला खरखर लागते. तुमच्या झिलईवर हा काय धरणार? तुपाच्या ताटावर पोस्टाचं तिकीट चिकटवल्यासारखं होईल."

तेव्हा मी त्यांना परीक्षेसाठी दोन दात नवे करून दिले. चूक द्यायची नाही म्हणजे नाही. एक झिलईचा आणि एक त्यांनी सांगितला तसा, पुढून दगडाने घासून खरखरीत केलेला. बाईंनी दोन्ही प्लास्टरच्या गोळ्यांत रोवले, त्यांवर ब्रॅकेटं चिकटवली आणि ते गोळे मागच्या व्हरांड्यात खिडकीच्या गजाला बांधले. ब्रॅकेटला दोरा, दोऱ्याला पावडरीचा रिकामा डबा. मग चमच्याने त्या डब्यात वाळू टाकू लागल्या. चमचा टाकायचा, थांबायचं, भिंतीवर खडूने रेघ ओढायची. शेजारचे खानसाहेब कुंपणावरून डोकावले. "क्या डॉक्टरसाब, दाँत को फाँसी दे रए क्या?"

"हौ खानसाहेब. आता बघायचं, कोण कबूल करतो."

झिलईवाला बाराव्या चमच्याला सुटला. खरखरीत दाताला डबा शिगोशीग भरला तरी ब्रॅकेट हललं नाही. शेवटी दोराच तुटला आणि वाळू बाईंच्या पायावर सांडली. मग त्यांनी ते ब्रॅकेट पकडीने ओढून काढलं आणि भिंगाखाली मला दाखवलं. डिंक दाताला घट्ट बसलेला होता, ब्रॅकेटच्या पाठीला काहीच नव्हतं. "असा सुटला म्हणजे मातीने धरला होता," त्या म्हणाल्या. हे वाक्य मला पुढे पाठ झालं.

स्वर्णा त्यानंतर महिन्याभराने आली. नारायणगुड्याच्या शाळेतल्या एका तेलुगू मास्तरणीची मुलगी, कॉलेजात जाणारी. स्कूटरवरून पडून पुढचा एक दात मोडला होता आणि बाकीचे मूळचेच वाकडे. आई म्हणाली, लग्नाच्या आत सरळ करून द्या. बाईंनी ठरवलं, आधी मोडक्या दातावर कॅप, मग सगळ्यांवर तारा, पट्टा न घालता. हैदराबादेत दुसरं कोणी करत नसेल ते आपण करू, असं त्या मला लहान मुलीसारख्या म्हणाल्या. कागदावर दाताचं चित्र काढून मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी जागा दाखवली. "एवढीच झिलईवाचून ठेवा. तारा निघाल्या की मी तोंडातच घासून चमकवीन. इथल्या इथे दगड मी फिरवू शकते, पण कॅप पातळ आहे आणि तुमच्या दातावर ओरखडा काढायला माझा हात धजत नाही. तुम्हीच करून द्या."

मी दात केला. तोंडात बसवल्यावर आरशात बघणाऱ्यालाही पत्ता लागू नये, असा. दगड घेतला आणि सांगितलेली जागा घासली. मग दात बोटांत धरून बघत बसलो. चमकत्या दाताच्या मधोमध तो मळकट ठिपका, देवी उठून गेलेल्या चेहऱ्यासारखा.

माझे उस्ताद, ज्यांनी मला भट्टी शिकवली, ते म्हणायचे, "मियाँ, कच्चा माल दहलीज पार नहीं करता." म्हणून त्यांची रीत अशी की शेवटचं घासणं झालं की दात पुन्हा भट्टीत घालायचा. दोन मिनिटं, शेवटची आच. घासलेल्या जागेची उघडी तोंडं त्या आचेने मिटतात. लेकीला सासरी पाठवताना शेवटी एकदा डोक्यावरून हात फिरवावा, तसं ते असायचं. तीस वर्षांत एकही दात ती आच घेतल्याशिवाय माझ्या खोलीतून कोणाच्या तोंडात गेला नव्हता. परीक्षेचे दोन दात गेले, पण ते कुठे कोणाच्या तोंडात जाणार होते?

मी तो दात भट्टीत घातला. दोन मिनिटं. बाहेर काढला तर ठिपका होता तसाच मळकट दिसत होता. मी मनात म्हटलं, बाईंचंही राहिलं, उस्तादांचंही राहिलं.

बाईंनी दात बसवला, पक्का. मग ब्रॅकेट लावताना मला मुद्दाम बोलावलं. मध्यस्थ लावला, डिंक लावला, पाटावर उभ्या राहिल्या. ओकटी, रेंडू, मूडू. अरवै, म्हणजे साठ म्हणून झाल्यावरही त्यांनी बोट काढलं नाही, आणखी दहा मोजले. मग मागे सरकून म्हणाल्या, "लिंबाजीराव, तुमचं आणि माझं, दोघांचं मिळून आहे हे."

चार दिवसांनी ते ब्रॅकेट सुटलं. बाईंनी पुन्हा लावलं. आठवड्याने सुटलं, कॉलेजात, परीक्षेचा पेपर लिहिताना. पोरगी ते कागदात बांधून घेऊन आली. बाईंनी नवा डबा फोडला आणि तिसऱ्यांदा लावलं. तिसऱ्यांदा सुटलं तेव्हा मी दवाखान्यात होतो, दुसऱ्याच कोणाची डबी द्यायला गेलेलो. स्वर्णाची आई खुर्चीजवळ उभी होती. ती आपल्या मुलीला तेलुगूत म्हणाली, हळू, पण बाईंना ऐकू जाईल एवढ्या हळू, "चेय्यी वणुकुतुन्नट्टुंदी, पापम." हात कापतो वाटतं, बिचारीचा.

बाईंनी काही ऐकलंच नाही, असं दाखवलं. त्या मायलेकी गेल्यावर त्यांनी ते ब्रॅकेट भिंगाखाली धरलं आणि मला बोलावलं. डिंक सगळा ब्रॅकेटच्या पाठीला होता. म्हणजे दातावर काही राहिलं नव्हतं, दात कोरा. त्यांचं वाक्य मला पाठ होतं. मातीने धरलंच नव्हतं. त्या क्षणी मला सगळं कळलं. माझ्या दोन मिनिटांनी जागा मिटली होती. डोळ्याला मळकट दिसत होती, डिंकाला आरसा झाली होती.

बाई म्हणाल्या, "डिंक तोच. मध्यस्थ तोच. वाळूचा डबा भरला तरी सुटला नव्हता तो. मग इथे काय वेगळं आहे?" आणि फार जपून त्यांनी विचारलं, "लिंबाजीराव, रागावू नका. ती जागा खरखरीतच ठेवली होती ना?"

दार त्यांनीच उघडून दिलं होतं. मला फक्त आत जायचं होतं. मी म्हणालो, "बाई, माझ्या हाताने दगड फिरवलाय मी. तीस वर्षं दात करतोय. आता तुम्ही मला विचारणार?"

दगड फिरवला होता, हे खरंच होतं. म्हणून माझा आवाजही चढला. खोटं बोलणाऱ्याला थोडं खरं हाताशी असलं की आवाज चढवता येतो.

बाईंचा चेहरा पडला. माझ्यासाठी पडला, हे मला विसरता येत नाही. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर संशय घ्यायला नको होता." त्यांनी ब्रॅकेट टेकवायचा हात समोर धरला, बोटं पसरली आणि बघत राहिल्या. "मग हाच. हलत असेल. आपलं आपल्याला कळत नाही."

हात हलत नव्हता. मी बघत होतो.

त्या दिवसापासून त्या हाताकडे बघायच्या. दोन रोग्यांच्या मध्ये, चहा घेताना, रस्त्याने चालताना. मोजताना आता आवाज हळू झाला होता. आकडा चुकायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हात धरला की तो थोडा कापतोच, कोणाचाही. बाईंना पुरावे मिळत गेले.

मी काय करू शकलो असतो? सांगू शकलो असतो. ती कॅप कापून काढावी लागली असती, मी नवी दिली असती, फुकट दिली असती. एका संध्याकाळचं काम. मी रोज ठरवायचो आणि रोज स्वतःला समजावायचो. बाई खचतील, त्यांचा माझ्यावरचा विश्वास जाईल, त्यांनाच त्रास होईल. एवढी त्यांची काळजी मी आयुष्यात कधी केली नव्हती. खरं इतकंच की 'लिंबाजीरावांनी बघावं' असं लिहिलेली चिठ्ठी मला हवी होती आणि ती यायची बंद होईल, याची भीती होती.

चौथ्यांदा सुटल्यावर स्वर्णाच्या आईने मुलीला हिमायतनगरच्या तरुण डॉक्टरकडे नेलं. थंड हवेचं यंत्र, निळ्या उजेडाचा दिवा, सगळं नवं. त्याचं काम मीही करायचो, पण तो मला आवडायचा नाही. कोणाचीही कॅप असो, डिंक लावण्याआधी तो तिच्यावर दगड फिरवायचाच, भांडं घासल्यासारखा. तसा माझ्या दातावरही फिरवला. ब्रॅकेट पहिल्याच खेपेला बसलं. स्वर्णाची आई बाईंना हे सांगायला मुद्दाम बरकतपुऱ्याला आली. वाईट बाई नव्हती ती. म्हणाली, "तुम्ही खूप केलंत अम्मा. तिकडे एकाच वेळी चिकटलं, म्हणून सांगायला आले, तुमच्या जिवाला घोर नको."

बाई म्हणाल्या, "बरं झालं." आणि त्याच आठवड्यात तारांचं काम बंद केलं. उरलेले रोगी त्यांनी एकेकाला समजावून हिमायतनगरला पाठवले. दारावरच्या पाटीवर त्यांनी स्वतःच चुन्याचा हात मारून तारांची ओळ पुसली. पुढच्या महिन्यात मुलीकडे पुण्याला गेल्या. तिथेच वारल्या. कळलं ते मला फार उशिरा, कोणाकडून तरी. पुण्याहून त्यांची एक चिठ्ठी आली होती. तुमच्या नातीचे दात पुढे आलेत असं म्हणाला होतात, हिमायतनगरला दाखवा, लाजू नका. मी उत्तर लिहिलं नाही. लिहायला बसलो की पहिली ओळ त्या दोन मिनिटांचीच यायची आणि मी कागद फाडायचो.

शेवटचं पाहिलं ते पुण्याला जाण्याआधी दोन दिवस. संध्याकाळचं ऊन व्हरांड्यात तिरपं आलेलं. मला निरोप आला म्हणून गेलो. बाई खाली चटईवर बसल्या होत्या, पुढ्यात लाकडी पेटी. पेटीत त्यांच्या पकडी, ब्रॅकेटच्या डब्या, न फोडलेला डिंक, मध्यस्थाच्या दोन बाटल्या. पेटीवर त्या मांजरपाटाचं कापड शिवत होत्या, पोस्टात पार्सल टाकताना शिवतात तसं. भिंतीवर खडूच्या रेघा अजून होत्या.

"हिमायतनगरच्या डॉक्टरला द्यायचंय," त्या म्हणाल्या. "तुमचं जाणं असतंच तिकडे. उद्याच देऊन टाका. गंजण्यापेक्षा कोणाच्या तरी कामी येईल."

त्यांचा दोरा संपला होता. त्यांनी रिळातून नवा तोडला, टोक ओठांत धरून ओलं केलं, सुई उन्हाकडे धरली आणि एका फटक्यात दोरा आत घातला. चष्मा कपाळावर होता, डोळ्यांवर नव्हता. मग टाके घालू लागल्या. सगळे एका मापाचे, तांदळाच्या दाण्याएवढे. मी उभा राहून बघत होतो. सांगायची वेळ यापेक्षा चांगली येणार नव्हती. हातातली सुईच साक्षीला होती.

"बाई," मी म्हणालो.

"काय हो?"

"टाके चांगले पडलेत."

त्या हसल्या. "शिवणाला काय लागतं! मेला हात दातावर ठरत नाही." दोरा दातांनी तोडला, पेटी माझ्याकडे सरकवली. मग काही आठवल्यासारखं म्हणाल्या, "शेवटपर्यंत तुम्ही मला तुमची एकही चूक दिली नाहीत, लिंबाजीराव."

मी पेटी उचलली आणि निघालो. फाटकापाशी मागे वळून पाहिलं. त्या सुई पदराला टोचून ठेवत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी हिमायतनगरला गेलो. तरुण डॉक्टर नुकताच आला होता. त्याने पेटी टेबलावर घेतली, कात्री उचलली आणि कापडावरून बोट फिरवून थांबला. "क्या सिलाई है, चाचा. मशीन की है क्या?"

मी म्हणालो, "नाही. हाताची. बाईंनीच शिवली."

त्याने टाके कापले, पकडी बाहेर काढून एकेक उघडझाप करून पाहिल्या. चांगल्या होत्या, ठेवून घेतल्या. मग सहज विचारलं, "इत्ता अच्छा काम करते थे मॅडम. छोड़े काय कू?"

मी म्हणालो, "उमर हो गई साब. हाथ काँपता था."